लिनक्सवर डायल-अप मोडेम: पहिल्यांदाच लावतोय, कुणी वाट दाखवाल का?

लांज्याचा_गण्या | १४ जुलै २००७, संध्या. ६.४०

नमस्कार मंडळी. बाजारातल्या सायबर कॅफेतून लिहितोय, त्यामुळे थोडक्यात.

घरच्या कॉम्प्युटरवर उबुंटू लिनक्स टाकलं. फुकट मागवलेली सीडी पोस्टाने आली होती. आवाज, प्रिंटर, देवनागरी सगळं आपसूक चालू झालं. अडलंय ते फक्त इंटरनेट. आमच्याकडे ब्रॉडबँडची वायर अजून पोचलेली नाही, डायल-अपशिवाय गत्यंतर नाही.

मोडेम डब्याच्या आतच आहे, पीसीआय कार्ड. विंडोजमध्ये बिनतक्रार चालायचा. इथे नेटवर्कच्या खिडकीत 'मोडेम कनेक्शन' निवडलं, फोन नंबर, युजरनेम, पासवर्ड भरला, पण काहीच होत नाही. ती डायल करतानाची किरकिरसुद्धा ऐकू येत नाही. 'डीमेसेज' (कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, केलेल्या नोंदी दाखवणारी आज्ञा) चालवून बघितलं तर त्यात 'टीटीवायएस०' दिसतंय. म्हणजे मोडेम सापडलाय ना? मग डायल का होत नाही?

टर्मिनलची भीती नाही. फक्त त्यात काय टाकायचं ते सांगा.

---

घाटावरचा | १४ जुलै, रात्री ९.१५

विंडोज परत टाक. प्रश्न मिटला.

---

वायरमन | १४ जुलै, रात्री १०.०५

घाटावरचे, प्रत्येक लिनक्सच्या धाग्यावर हे एकच वाक्य चिकटवता, आता त्याचा शिक्का करून घ्या.

गण्या, डीमेसेजमध्ये दिसलं ते पोर्ट आहे, मोडेम नाही. टीटीवायएस० म्हणजे विंडोजवाल्यांचं कॉम १, टीटीवायएस१ म्हणजे कॉम २. मदरबोर्डच्या पाठीमागे नऊ पिनांचं सिरीयल पोर्ट असलं की ती ओळ येणारच, त्याला काही जोडलेलं असो वा नसो. तुझ्याकडे '०x३एफ८, आयआरक्यू ४, १६५५०ए' असं काहीतरी आलं असेल. ती पोर्टमधल्या चिपची माहिती. तुझं कार्ड बसलंय पीसीआय खाचेत, त्याचा आणि या ओळीचा काही संबंध नाही.

आधी एवढंच कर: टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' चालव, ती पीसीआय कार्डांची यादी देते, आणि मोडेमची ओळ इथे दे. (आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची, आणि सगळी अक्षरं छोटी.) ओळीच्या सुरुवातीला 'सिरीयल कंट्रोलर' असेल तर पेढे वाट. 'कम्युनिकेशन कंट्रोलर' असेल तर बोलू.

---

लांज्याचा_गण्या | १५ जुलै, संध्या. ६.२०

कागदावर उतरवून आणलंय. 'कम्युनिकेशन कंट्रोलर', पुढे चिप बनवणाऱ्याचं नाव, मग 'एचएसएफ ५६के'.

पेढे नाहीत वाटतं.

---

टर्मिनलवेडी | १५ जुलै, रात्री ११.३०

पेढे नाहीत. हा विनमोडेम आहे, म्हणजे स्वतःचं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर टाकणारा.

नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, म्हणून सविस्तर लिहिते. खऱ्या मोडेमच्या पोटात दोन कामं चालतात. एक कंट्रोलर असतो, तो 'एटी'ने सुरू होणाऱ्या आज्ञा समजून घेतो, डायल करतो, चुका तपासतो. दुसरा सिग्नल प्रोसेसर, तो आकड्यांचे आवाज करतो आणि आलेल्या आवाजाचे आकडे. नव्वदीच्या दुसऱ्या अर्ध्यात कार्ड स्वस्त करण्यासाठी कंपन्यांनी आधी कंट्रोलर काढला आणि ते काम ड्रायव्हरवर टाकलं. मग प्रोसेसरही काढला. 'एचएसएफ' जातीच्या कार्डात सिग्नलचं सगळं गणित तुझा सीपीयू करतो. कार्डावर उरतं काय, तर फोनच्या लाइनला जोडणारा भाग आणि आवाज आत-बाहेर करणारी एक चिप. साउंड कार्डाला फोनची खाच बसवली तर जे होईल ते.

विंडोजमध्ये तो चालला कारण उरलेला मोडेम ड्रायव्हरच्या सीडीत होता. लिनक्सला ती सीडी उपयोगाची नाही.

मार्ग आहेत, पण चिपगणिक वेगळे. ल्युसंटच्या चिपसाठी एक ड्रायव्हर आहे. लॅपटॉपमधल्या बऱ्याच एसी९७ मोडेमना स्मार्टलिंकचा 'एसएलमोडेमडी' चालतो. त्याचं बाहेरचं कवच उघडं आणि गाभा बंद, पण चालतो. तुझ्या एचएसएफसाठी 'लिनक्संट' नावाच्या कंपनीचा ड्रायव्हर मिळतो. फुकट आवृत्ती १४.४ केबीपीएसवर अडवलेली आहे, पूर्ण वेगाला पैसे मोजावे लागतात. शिवाय ड्रायव्हर तुझ्या कर्नलच्या नेमक्या आवृत्तीसाठी बांधलेला हवा. उद्या कर्नल अपडेट झालं की पुन्हा बांधणी.

आणि हे सगळं उतरवायला इंटरनेट हवं, जे तुझ्याकडे या ड्रायव्हरशिवाय नाही.

माझं मत विचारशील तर त्या कार्डाच्या नादी लागू नकोस. सिरीयल पोर्टचा बाहेरचा मोडेम शोध. लोक अडगळीत टाकतायत, चहापाण्याच्या पैशात मिळेल. यूएसबीचा घेऊ नकोस, त्यातही अर्धे विनमोडेमच निघतात. नऊ किंवा पंचवीस पिनांचा, स्वतःचा वेगळा अडॅप्टर असलेला आणि समोर दिव्यांची ओळ असलेला, असा बघ. त्याला ड्रायव्हर नावाची वस्तूच लागत नाही.

---

शेंगदाणा | १६ जुलै, सकाळी ९.१०

ताईंशी अर्धा असहमत. स्वतः ड्रायव्हर बांधून बघण्यात शिकणं आहे. कर्नलचे हेडर काय, मोड्यूल काय, हे मला मोडेममुळेच कळलं.

---

टर्मिनलवेडी | १६ जुलै, सकाळी ९.४०

शिकायचं असेल तर शिकावं की. त्याला इंटरनेट हवंय.

---

एक्सचेंजवाले_काका | १६ जुलै, दुपारी ३.००

टेलिफोन खात्यात जन्म गेला, म्हणून दोन शब्द. लिनक्समधलं मला ओ की ठो कळत नाही, पण ताईंचं म्हणणं तारेच्या बाजूनेही बरोबर आहे. बाहेरचा मोडेम खराब लाइनवर जास्त तग धरतो.

छप्पन्न के कुठून आलं ते इथे कुणी सांगितलं नाही. एक्सचेंजमध्ये तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो, दर वेळी ८ बिट. झाले ६४ के. आवाजाला तेवढे पुरतात, पण तारेवरच्या अडचणी जमेस धरून वरची मर्यादा ५६ ठेवली. तीही कधी, तर तुमच्यापासून प्रोव्हायडरपर्यंत आवाजाचं आकड्यांत रूपांतर एकदाच होत असेल तर. म्हणून प्रोव्हायडर स्वतः डिजिटल लाइनवर बसतो. उलट दिशेला, म्हणजे तुम्ही पाठवता तेव्हा, सहसा ३३.६च्या वर जात नाही. १९९८ साली व्ही.९० हे मानक आलं, त्याआधी दोन कंपूंचे दोन प्रकार होते आणि एकाचा मोडेम दुसऱ्याशी छप्पन्नने बोलत नसे.

आता कोकणासाठी. या दिवसांत जॉइंटात पाणी शिरतं आणि लाइनवर खरखर येते. रिसीव्हर उचलून एक आकडा दाबा, डायलटोन गेला की शांततेत कान द्या. खरखर ऐकू आली तर मोडेमला बोल लावू नका, लाइनमनला बोलवा. घरात समांतर फोन असतील तर ते काढून बघा. मोडेम भिंतीतल्या पहिल्या डबीलाच जोडा.

आणि वीज. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की लाइटचा प्लग काढून भागत नाही, फोनची तारही काढायची. मोडेम जळतात ते बहुतेक वेळा फोनच्या तारेतून आलेल्या झटक्याने. कार्ड आत असेल तर मदरबोर्डही सोबत जातो. हाही बाहेरच्या मोडेमचा एक फायदा.

---

दादरकर | १६ जुलै, रात्री १०.२०

काका, जुने दिवस आठवले. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, त्यानंतर थोड्याच काळात आमच्या कॉलेजातल्या एकाने विद्यार्थ्यांचं शेल खातं घेतलं. चित्रं नाहीत, माऊस नाही. पलीकडच्या युनिक्सवर लॉगिन करायचं, लिंक्समध्ये पानं वाचायची, पाइनमध्ये पत्रं लिहायची. आम्ही तिघं-चौघं एका मॉनिटरसमोर दाटीवाटीने बसायचो. एका अर्थी गण्याला आज जे टर्मिनल नवं वाटतंय तेवढंच तेव्हा इंटरनेट होतं.

अवांतराबद्दल माफी. चालू द्या.

---

लांज्याचा_गण्या | २१ जुलै, संध्या. ६.५०

चिपळूणच्या मावसभावाच्या दुकानात बाहेरचा मोडेम धूळ खात पडला होता. घेऊन आलो! मोठा काळा डबा, समोर दिवे, मागे पंचवीस पिनांची खाच. केबलही दिली, एका टोकाला पंचवीस आणि दुसऱ्याला नऊ. अडॅप्टर मात्र त्याला सापडला नाही. माझ्याकडे ९ व्होल्टचा एक आहे, तो लावू का?

---

वायरमन | २१ जुलै, रात्री ८.३०

थांब! लावू नकोस. मोडेमच्या पाठीवर काय छापलंय ते आधी वाच. या जातीच्या बऱ्याच मोडेमना ९ व्होल्ट एसी लागतो, डीसी नाही. घरात पडलेले अडॅप्टर बहुतेक डीसी असतात. टोपण बसतं म्हणून करंटही जुळतो असं नाही. एसी हवा असेल तर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे जा, साधा ट्रान्सफॉर्मर बांधून देईल.

---

न्यूजर्सीचा_नाना | २१ जुलै, रात्री ११.५०

माझ्या तळघरात असे दोन मोडेम आहेत, पण पाठवून उपयोग नाही, अडॅप्टर १२० व्होल्टचे. थेट तुमच्या भिंतीत घातले तर धूर निघेल. आणि इथेही पूर्ण छप्पन्न कधी मिळालं नाही, बरं का. इथल्या नियमानुसार लाइनवरच्या सिग्नलची ताकद मर्यादित ठेवतात, त्यामुळे छत ५३.३चं. घरात चव्वेचाळीस-पंचेचाळीस मिळाले तरी आम्ही खूश असायचो.

---

टर्मिनलवेडी | २२ जुलै, सकाळी १०.१५

छान सापडला! पाठीवर एसीच लिहिलेलं असणार, वायरमनचं ऐक.

वीज मिळाली की पुढचं. आधी कॉम्प्युटर बंद असताना सिरीयल केबल जोड, स्क्रू आवळ. मोडेमच्या 'लाइन' लिहिलेल्या खाचेत भिंतीकडची तार, 'फोन' लिहिलेल्या खाचेत तुझा फोन. मग मोडेम चालू कर, मग कॉम्प्युटर.

आता 'डब्ल्यूव्हीडायल' नावाचा प्रोग्रॅम. तुझ्या मशीनवर नसेल तर सीडी घालून सिनॅप्टिकमध्ये (प्रोग्रॅम शोधून बसवायची खिडकी) शोध. तिथेही नसेल तर 'पीपीपीकॉन्फिग' असेलच. ते प्रश्न विचारत जातं, मग 'पॉन' म्हटलं की जोडतं आणि 'पॉफ' म्हटलं की तोडतं. पण डब्ल्यूव्हीडायल मला आवडतं कारण ते बोलकं आहे. मोडेम काय म्हणाला ते शब्दशः पडद्यावर दाखवतं.

टर्मिनलमध्ये: 'सुडो डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ', एक जागा सोडून '/ईटीसी/डब्ल्यूव्हीडायल.कॉन्फ'. ('सुडो' म्हणजे आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालव.) ते एकेका पोर्टला हाक मारेल, ज्याने 'ओके' म्हणून ओ दिली तिथे मोडेम. सापडल्यावर फाइल स्वतः लिहून देईल. ती 'सुडो' लावून एडिटरमध्ये उघड. फोन, युजरनेम आणि पासवर्ड या तीन ओळींच्या सुरुवातीला अर्धविराम असतो तो काढून टाक, नाहीतर त्या ओळी वाचल्याच जात नाहीत. कोनी कंसातला मजकूर पुसून तिथे तुझी माहिती भर, कंसही ठेवू नकोस.

मग 'सुडो डब्ल्यूव्हीडायल'. तोडायचं असेल तेव्हा कंट्रोल-सी.

रोज सुडो नको असेल तर स्वतःला 'डायलआउट' गटात घाल आणि एकदा लॉगआउट करून परत ये. आत्ता घाई नाही.

---

लांज्याचा_गण्या | २४ जुलै, संध्या. ६.३०

ट्रान्सफॉर्मर बांधून घेतला, दिवे लागले! डब्ल्यूव्हीडायल सीडीवर मिळालं, मोडेम टीटीवायएस०वरच सापडला. फाइल भरली. पण डायल केल्यावर लगेच 'नो डायलटोन' म्हणतो. फोन उचलला तर टोन स्वच्छ आहे, खरखरही नाही.

---

एक्सचेंजवाले_काका | २४ जुलै, रात्री ८.१०

मोडेम परदेशी टोनची सवय घेऊन आलाय. प्रत्येक देशाचा डायलटोन थोडा वेगळा. तुमच्या कानाला तो टोनच वाटतो, त्याला तो ओळखीचा वाटत नाही.

---

वायरमन | २४ जुलै, रात्री ८.४५

काकांनी नेमकं सांगितलं. उपाय: फाइलमध्ये 'इनिट२'ची (मोडेमला सुरुवातीच्या आज्ञा देणारी) ओळ आहे, तिच्याखाली नवी ओळ लिही, 'इनिट३ = एटीएक्स३'. एक्स३ म्हणजे डायलटोनची वाट न बघता नंबर फिरव, पण पलीकडे बिझी असेल तर ओळख. डायल टोननेच होतंय ना तेही बघ. 'एटीडीटी' असेल तर टोन, 'एटीडीपी' असेल तर जुन्या चकतीच्या फोनसारखं टकटक.

---

लांज्याचा_गण्या | २५ जुलै, संध्या. ६.३५

किर्रर्र... आवाज आला! आई स्वयंपाकघरातून धावत आली, फोनला काय झालं म्हणून.

'कनेक्ट ११५२००' आलं. एवढा वेग? मग काही वेळ नुसती वाट बघत राहतो, मधेच अगम्य चिन्हं येतात, आणि शेवटी 'नो कॅरियर'.

---

टर्मिनलवेडी | २५ जुलै, रात्री १०.००

ती अगम्य चिन्हं म्हणजे पलीकडून पीपीपी, फोनच्या तारेवरून इंटरनेट चालवायची बोली, सुरू झालंय. तुझा प्रोग्रॅम मात्र दादरकरांच्या काळात अडकलाय, कुणी 'लॉगिन:' विचारेल म्हणून थांबलाय. आता तसं कुणी विचारत नाही, नाव आणि पासवर्ड पीपीपीच्या आत 'पॅप' किंवा 'चॅप' या ओळख पटवण्याच्या पद्धतींनी जातात. फाइलमध्ये एक ओळ घाल: 'स्टुपिड मोड = येस'. नाव तसं आहे, मनाला लावून घेऊ नकोस. जोडणी झाली की गप्प राहून थेट पीपीपीडी (पीपीपी सांभाळणारा प्रोग्रॅम) सुरू कर, एवढाच अर्थ.

११५२०० हा तुझ्या कॉम्प्युटरपासून मोडेमपर्यंतच्या केबलचा वेग. फोनच्या तारेवरचा खरा वेग बघायचा तर बऱ्याच मोडेमना इनिटमध्ये 'डब्ल्यू२' घालावं लागतं.

---

लांज्याचा_गण्या | २६ जुलै, संध्या. ६.१५

जवळ आलोय! आता डब्ल्यूव्हीडायल लोकल आयपी, रिमोट आयपी आणि दोन डीएनएस पत्ते (नावांवरून आकडी पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरचे) दाखवतं. तोडत नाही. खरा वेग ४२,६६६. पण फायरफॉक्समध्ये एकही पान उघडत नाही. नाव न देता नुसत्या आकड्यांच्या पत्त्याला पिंग केलं (हाक मारली) तरी उत्तर नाही.

---

शेंगदाणा | २६ जुलै, रात्री ९.००

आकड्यांनाही पिंग जात नाही म्हणजे डीएनएसचा दोष नाही. नावं अडली असती आणि आकडे गेले असते, तर 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' बघायला सांगितलं असतं. हा रस्त्याचा प्रश्न आहे. जोडलेलं असताना 'राउट -एन' चालव. शेवटची, '०.०.०.०'ने सुरू होणारी ओळ कुठे जाते? 'पीपीपी०' (मोडेमची जोडणी) की 'ईटीएच०' (नेटवर्क कार्ड)?

---

लांज्याचा_गण्या | २७ जुलै, संध्या. ६.२५

ईटीएच०. पण त्या खाचेत आता वायरच नाही. पूर्वी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून वायर ओढली होती, ते बंद झालं. उबुंटू टाकताना जुनेच आकडे भरले होते.

---

शेंगदाणा | २७ जुलै, रात्री ८.५०

मग सापडलं. तुझं मशीन प्रत्येक गोष्ट त्या तुटलेल्या वायरीकडे पाठवतंय. आधीच एक डिफॉल्ट रस्ता असला तर पीपीपीडी तो बदलत नाही, लॉगमध्ये तसं लिहून ठेवतं आणि गप्प बसतं. आत्तापुरतं 'सुडो राउट डेल डिफॉल्ट' आणि पुन्हा डायल. कायमचं करायचं तर नेटवर्कच्या खिडकीत जाऊन ईटीएच०चा गेटवे पुसून टाक.

---

लांज्याचा_गण्या | २७ जुलै, रात्री १०.४८

घरून लिहितोय!!!

सगळ्यांचे आभार. काका, जॉइंट बदलून घेतला, त्यानंतर लाइन एकदाही तुटलेली नाही. आता लगेच सगळं अपडेट करायला लावू का? १०० एमबी म्हणतंय.

---

वायरमन | २७ जुलै, रात्री ११.०५

अभिनंदन! पण हिशोब कर. या वेगाला सेकंदाला पाच केबी धर, १०० एमबीला जवळजवळ सहा तास. तेवढा वेळ फोन अडकलेला आणि मीटर फिरतोय. सुरक्षेची अपडेट तेवढी निवड, ऑफिससारखी मोठी पॅकेजं ठेव. मधे तुटलं तरी घाबरू नकोस, ॲप्ट (अपडेट उतरवणारा प्रोग्रॅम) अर्धवट उतरलेलं पुढे चालू करतं. साध्या फाइलींसाठी 'डब्ल्यूगेट -सी' वापर. बाकीचं सिनॅप्टिकमधून डाउनलोड स्क्रिप्ट काढून सायबर कॅफेत उतरव, पेनड्राइव्हवर घरी आण.

आणि कॉल वेटिंग असेल तर बंद करून घे. मधे कुणाचा फोन आला की ती टिकटिक जोडणी तोडते.

---

घाटावरचा | २८ जुलै, सकाळी ८.३०

माझ्या लॅपटॉपमधला मोडेम एसी९७ आहे म्हणे. तो लिनक्सवर चालेल का? सहज विचारतोय.

---

टर्मिनलवेडी | २८ जुलै, सकाळी ९.०५

एसएलमोडेमडी, 'अल्सा'चा (लिनक्सची आवाजाची यंत्रणा) पर्याय लावून. मोडेमचा पत्ता 'टीटीवायएसएल०' होईल आणि डब्ल्यूव्हीडायलच्या फाइलमध्ये 'कॅरियर चेक = नो' लागेल. नवा धागा काढा, तिथे एलएसपीसीआयची ओळ द्या. सहज विचारलं असलं तरी.